पलटणीच्या पाद्र्याचा कोट वाचताना

लष्करातल्या धर्मगुरूचा माग काढणे हे इतर कोणत्याही सैनिकाचा माग काढण्यापेक्षा अवघड आहे, कारण तो तुकडी चालवत नाही, ठाणे जिंकत नाही आणि पलटणीच्या युद्धदैनंदिनीत त्याचा उल्लेख आला तरी बहुतेक वेळा नुसता ‘पाद्रे’ एवढाच येतो. जखमींच्या शेजारी बसणे, मेलेल्यांचे अंत्यविधी करणे, घरच्यांना पत्रे लिहिणे या कामांची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. मागे उरतात ते त्याचे कपडे, बिल्ले आणि फिती. त्यांच्यावरून त्याची कारकीर्द बऱ्याच अंशी उभी करता येते. मात्र त्यासाठी वस्तू काय सांगते आणि आपण तिच्याकडून काय वदवून घेतो, यातला फरक पहिल्या दिवसापासून सांभाळावा लागतो.

ठाणे जिल्ह्यात असे सामान हाती येण्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठा लष्करी तळ होता. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. कसारा घाट चढून गेले की देवळाली, जेथून हजारो ब्रिटिश सैनिक मायदेशी परतण्याच्या वाटेवर गेले. या ये-जा करणाऱ्यांचे मागे राहिलेले सामान जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकांत आजही अधूनमधून निघते. माझ्याकडचा कोट असाच कल्याणच्या एका जुन्या फर्निचरवाल्याकडून आला. त्यासोबत बिस्किटाच्या डब्यात सात-आठ बिल्ले होते. पुढचे विवेचन बरेचसे त्या कोटाच्या आधाराने केले आहे.

वस्तू घरी आली की सर्वप्रथम ती साफ करण्याचा मोह आवरावा. डब्यातला पहिला बिल्ला मी चिंच आणि मीठ लावून लखलखीत केला होता, आणि ब्रिटिश पाद्र्यांचे कितीतरी बिल्ले मुद्दाम काळपट केलेले असत हे मला नंतर कळले. तो काळा थर गेला, त्याबरोबर त्याचे वयही गेले, आणि त्या नुकसानीची भरपाई कशानेही होत नाही. म्हणून आधी छायाचित्रे काढावीत: पुढून, मागून, आतून, आणि प्रत्येक चिन्हाजवळ मोजपट्टी ठेवून. ट्रंकेत कोणती वस्तू कोणत्या वस्तूखाली होती हेही टिपून ठेवावे. ज्याच्याकडून सामान घेतले त्याला ते कोठून मिळाले हे त्याच दिवशी विचारावे, कारण सहा महिन्यांनी त्याला ते आठवणार नाही.

मग टोपीच्या बिल्ल्याकडे यावे. ब्रिटिश लष्करातला पाद्री विभाग १७९६ मध्ये स्थापन झाला आणि पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल त्याला १९१९ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. ख्रिस्ती पाद्र्याच्या बिल्ल्यावर माल्टीज क्रॉस असतो, म्हणजे टोकांना रुंदावत गेलेल्या चार भुजांची फुली, आणि ज्यू धर्मगुरूच्या बिल्ल्यावर डेव्हिडचा सहा कोनांचा तारा. सर्वांत उपयोगी खूण वर बसवलेला मुकुट ही आहे. १९०१ पासून १९५२ पर्यंत राजे गादीवर होते, त्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर जातात. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. चार्ल्स राजे झाल्यानंतर गोल कमानींचा मुकुट पुन्हा आला आहे, त्यामुळे अगदी नवा, कोरा बिल्ला जुन्या राजाच्या काळातला म्हणून गळ्यात मारला जाण्याची शक्यता आता वाढली आहे.

खांद्यावरच्या खुणा हुद्दा सांगतात. ब्रिटिश लष्करात पाद्र्यांच्या चार श्रेणी आहेत आणि त्या खालून वर मोजाव्या लागतात: चौथी श्रेणी कॅप्टनच्या बरोबरीची, तीन ताऱ्यांची, तिसरी मेजरच्या, एका मुकुटाची, दुसरी लेफ्टनंट कर्नलच्या, मुकुट आणि एक तारा, पहिली कर्नलच्या, मुकुट आणि दोन तारे. सर्वांत वर चॅप्लेन जनरल, मेजर जनरलच्या बरोबरीचा. नौदलाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटिश नौदलाच्या पाद्र्याला हुद्दाच नसतो, ज्याच्याशी तो बोलतो त्याच्याच हुद्द्याचा तो मानला जातो, म्हणून नौदलाच्या पाद्र्याच्या कोटावर बढतीच्या खुणा शोधणे व्यर्थ आहे.

मात्र आज दिसणाऱ्या खुणा म्हणजे केवळ शेवटचा मुक्काम. कारकीर्द वाचायची असेल तर भोके वाचावी लागतात. खांदापट्टी दिवसाच्या तिरप्या उजेडात धरावी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन इंच-इंच पाहावे. धातूच्या ताऱ्याच्या मागे दोन कड्या किंवा एक मळसूत्र असते आणि त्यासाठी कापडाला भोक पाडावे लागते. तारा काढला तरी भोक बुजत नाही, त्याच्या कडेचे धागे दबलेले राहतात आणि ताऱ्याखालचे कापड भोवतालच्या कापडापेक्षा गडद राहते. माझ्याकडच्या कोटावर आज दोन्ही खांद्यांवर एकेक मुकुट आहे. मुकुट न काढता आतल्या बाजूने पाहिले तेव्हा डाव्या पट्टीवर भोकांच्या तीन जोड्या एका रेषेत दिसल्या आणि त्यांतली मधली जोडी मुकुटाखाली झाकली गेली होती. याचा अर्थ असा की हा कोट आधी चौथ्या श्रेणीच्या पाद्र्याने तीन तारे लावून वापरला आणि नंतर त्यावर तिसऱ्या श्रेणीचा मुकुट चढला. उजव्या पट्टीवर मात्र मुकुटाव्यतिरिक्त एकही भोक नव्हते. ती पट्टी बदललेली आहे, आणि ती त्या पाद्र्याने बदलली की पुढे कोणा विक्रेत्याने, हे कापड सांगत नाही. अशा वेळी दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात आणि पुढे जावे.

बाहीवर दोन प्रकारच्या खुणा सापडतात. एक विभागाची, म्हणजे पाद्र्यांची जांभळी पट्टी; दुसरी ज्या डिव्हिजनमध्ये किंवा सैन्यात तो होता तिचे चिन्ह. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर हे दुसरे चिन्ह सोन्याच्या मोलाचे ठरते, कारण ते माणसाला एका वाटेवर आणून उभे करते. चौदाव्या आर्मीच्या ढालीवर टोक खाली केलेली तलवार आहे, सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर आहे, छत्तिसाव्या डिव्हिजनची एकमेकांत अडकलेली पांढरी आणि लाल अशी दोन वर्तुळे आहेत. माझ्या कोटावर चिन्ह नाहीच. डाव्या बाहीवर फक्त सुईची भोके आहेत, आणि त्या भोकांवर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून पेन्सिलीने एकेक ठिपका उतरवला तेव्हा साधारण चौकोनी आकार निघाला. चौकोनी तुकड्यावर शिवलेली चिन्हे अनेक आहेत. दोन वर्तुळांचे चिन्ह त्यांतले एक. डब्यात ते वर्तुळांचे चिन्ह सापडले आणि त्याच्या कडेची भोके माझ्या ठिपक्यांशी जुळली. एवढे झाल्यावरच मी छत्तिसाव्या डिव्हिजनचे नाव कागदावर लिहिले. केवळ एका डब्यात होते म्हणून एका माणसाचे होते, असे कधीही धरू नये.

कापडाचा रंगही काळ सांगतो. उष्ण प्रदेशातला जुना गणवेश खाकी ड्रिलचा. जंगलात उठून न दिसणारा हिरवा गणवेश ब्रह्मदेश आघाडीवर युद्धाच्या उत्तरार्धात रूढ झाला. बटणे पाहावीत: चकचकीत, हलकी, मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची बटणे १९५० च्या दशकापासूनची आहेत, म्हणून युद्धकाळातल्या कोटावर ती असतील तर बटणे बदलली आहेत एवढे नक्की. नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. अंधाऱ्या खोलीत तो कोटावर फिरवला की नव्या काळातला, उजळ करणारी रसायने लावलेला दोरा निळसर चमकतो आणि जुना सुती दोरा मंद राहतो. कोणते चिन्ह नंतर शिवले गेले हे त्यावरून कळते.

कोट उलटा करावा. कॉलरच्या आत, खिशाच्या अस्तरावर, कमरेच्या शिवणीत माणूस सापडतो. अधिकारी गणवेश शिंप्याकडून शिवून घेत आणि आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असे, तीवर कधी गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीखही. हिंदुस्थानात वापरलेल्या कपड्यांवर आणखी एक खूण असते आणि ती आपल्याकडच्या माणसाला परदेशी संशोधकापेक्षा लवकर ओळखू येते, ती म्हणजे धोब्याची बिब्ब्याची खूण. बिब्ब्याचा रस कापडावर काळा होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही, म्हणून कपड्यांची गल्लत होऊ नये यासाठी धोबी त्यानेच खुणा करत. माझ्या कोटाच्या कॉलरखाली एका आडव्या रेघेवर तीन ठिपके आहेत, आणि डब्यातल्या एका पांढऱ्या सुती कॉलरवर, पाद्री गळ्याभोवती लावतात त्या कॉलरवर, नेमकी तीच खूण आहे. बिल्ल्यांना धोबी खूण करत नाही, पण कोट आणि कॉलर एकाच माणसाच्या धुण्यात होते हे त्या तीन ठिपक्यांनी सिद्ध केले. त्याच कॉलरवर फिकट झालेली शाई होती. जुनी लोहयुक्त शाई जांभळ्या उजेडात गडद दिसते. टॉर्चखाली आद्याक्षर आणि आडनावाची शेवटची चार अक्षरे वाचता आली.

पदके सोबत असतील तर त्यांची कड फिरवून पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांवर नाव कोरलेले असते आणि पाद्र्याच्या नावापूर्वी ‘रेव्हरंड’चे संक्षिप्त रूप असते. दुसऱ्या महायुद्धाचे तारे, म्हणजे १९३९–४५ स्टार, बर्मा स्टार वगैरे, ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता दिले गेले. भारतीय सैन्यातल्यांना मात्र नाव कोरून दिले. म्हणून बिननावाचा बर्मा स्टार एखाद्या ब्रिटिश पाद्र्याच्या संचात असणे शंकास्पद नाही, पण तो त्याचाच होता असेही त्यावरून म्हणता येत नाही. वॉर मेडलच्या फितीवर काशाचे लहान ओकचे पान असेल तर खुशीत यावे, कारण ते युद्ध-अहवालात नावानिशी उल्लेख झाल्याची खूण आहे आणि असे उल्लेख ‘लंडन गॅझेट’मध्ये छापले जात.

येथून पुढचे काम कागदांचे आहे आणि ते घरी बसून बरेचसे होते. ‘लंडन गॅझेट’ संगणकावर फुकट शोधता येते आणि त्यात पाद्र्यांच्या नेमणुका श्रेणीसह दिलेल्या असतात. ब्रिटिश ‘आर्मी लिस्ट’चे युद्धकाळातले खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुले केले आहेत, त्यांत पाद्री विभागाची स्वतंत्र यादी आहे. अँग्लिकन पाद्री असेल तर ‘क्रॉकफर्ड’ या १८५८ पासूनच्या निर्देशिकेत त्याने युद्धाआधी आणि नंतर कोणत्या चर्चमध्ये सेवा केली ते मिळते, पण कॅथलिक किंवा मेथडिस्ट पाद्री त्यात सापडणार नाही आणि तेथे पुष्कळांचा वेळ वाया जातो. आग्नेय आशियातल्या तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ १७२’ या क्रमांकाखाली आहेत. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ मालिकेत आहेत, आणि नोंदीत विधी करणाऱ्या पाद्र्याचे नाव असते. एखाद्या तळावरच्या दफनविधींखाली तेच नाव चार महिने येत राहिले, तर ते चार महिने तो तेथे होता.

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत मात्र ट्रंक ब्रिटिश पाद्र्याची नसून स्वतंत्र भारताच्या सैन्यातल्या धर्मगुरूची असेल. पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री किंवा बौद्ध भिक्षू. तिची वाचनपद्धती वेगळी आहे. भारतीय सैन्यात धर्मगुरू थेट नायब सुभेदार म्हणून भरती होतात, शिपाई म्हणून नव्हे, त्यामुळे नाईक-हवालदाराच्या बाहीवरच्या फिती त्या ट्रंकेत निघाल्या तर त्या दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत किंवा तो माणूस आधी वेगळ्या पदावर होता, हे तपासावे. नायब सुभेदाराच्या खांद्यावर एक तारा आणि त्याखाली लाल-पिवळी-लाल पट्टी, सुभेदाराला दोन तारे आणि पट्टी, सुभेदार मेजरला अशोकस्तंभाचे सिंह आणि पट्टी. पट्टी नसलेले दोन किंवा तीन तारे असतील तर मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन. ही मानद पदे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात आणि ‘भारताच्या राजपत्रा’त नावानिशी छापली जातात. नायब सुभेदार हे नाव १९६५ पासूनचे आहे. त्याआधीच्या कागदांवर जमादार असे असेल.

धर्मगुरू विधीच्या वेळी आपल्या धर्माच्या वेशात असतो, म्हणून या ट्रंकेत गणवेश थोडा आणि धोतर-उपरणे, पोथ्या, पूजेची उपकरणे अधिक असणे स्वाभाविक आहे. त्या वस्तू बाजूला टाकू नयेत. पलटणीच्या मंदिराचा किंवा सर्वधर्मस्थळाचा शिक्का असलेली पोथी एखाद्या बिल्ल्यापेक्षा जास्त बोलते. भारतीय पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव असते आणि कनिष्ठ आयोगप्राप्त अधिकाऱ्याचा, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांचा, क्रमांक ‘जेसी’ या अक्षरांनी सुरू होतो. १९६५ चा समर सेवा स्टार आणि १९७१ चे पूर्वी व पश्चिमी स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्यांना मिळाले, तर रक्षा मेडल आणि संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या कितीतरी मोठ्या वर्गाला मिळाले. म्हणून नुसते संग्राम मेडल पाहून ‘आजोबा सीमेवर होते’ असे लिहू नये. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्धापनदिनाची पदके अनुक्रमे १९७२ आणि १९९७ मध्ये सेवेत असण्याचा पुरावा देतात.

या घरांत कागद शोधावा तो निवृत्तिवेतनाचा आदेश. त्यावर अभिलेख कार्यालयाचे नाव असते आणि पत्रव्यवहार तेथेच करावा लागतो. पत्र वारसाच्या सहीने जावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्रयस्थाने केला तर वैयक्तिक माहिती म्हणून तो बहुधा फेटाळला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते, तिथे वारसाने स्वतः जाणे चांगले. आणि पंडितजींच्या पत्नी किंवा मुले हयात असतील तर सर्वांत आधी त्यांच्याजवळ बसावे. मी एका घरी गेलो असताना आजींनी ट्रंकेतली लोकरी टोपी हातात घेतली आणि म्हणाल्या, “ही त्यांनी पूजेतसुद्धा काढली नाही, तिथं गंगाजळ गोठायचं.” उंचावरच्या नेमणुकीचा तो पहिला धागा होता, पदकांच्या कडेने त्याला नंतर दुजोरा दिला.

नेरुळ-सीवूड्सकडे व्यापारी जहाजांवर काम केलेल्यांच्या घरी अमेरिकी पाद्र्यांचे बिल्लेही पाहायला मिळतात. त्यांवर ख्रिस्ती क्रॉस, ज्यूंच्या आज्ञापट्टिका, मुस्लिम चंद्रकोर किंवा बौद्ध धर्मचक्र असते आणि हुद्द्याची खूण त्यापासून वेगळी लावलेली असते.

जपणुकीबद्दल थोडे. ठाण्याच्या पावसाळ्यात लोकरीला कसर आणि सुती कापडाला बुरशी लागतेच. कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत ओल कोंडते. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून, घड्यांमध्ये मलमलीचीच गुंडाळी घालून, आडवा ठेवावा. डांबराच्या गोळ्या कापडाला आणि धातूला थेट लागू देऊ नयेत. पितळेवर हिरवा गंज पसरत असेल तरच लाकडी दातकोरणीने तेवढा भाग हलकेच खरवडावा. गणवेश अंगावर घालून मिरवू नये, सैनिक असल्याचा भास निर्माण करण्यासाठी तो घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदा वाचावा.

प्रत्येक वस्तूसाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड करावे. शाईने लिहावे ते फक्त वस्तूवर प्रत्यक्ष दिसणारे. कागदाने सिद्ध झालेले दुसऱ्या रकान्यात, कागदाच्या क्रमांकासह. आणि आपला तर्क पेन्सिलीने, तारीख घालून. माझ्या कोटाच्या कार्डावर शाईत भोकांच्या तीन जोड्या, चौकोनी ठिपके आणि बिब्ब्याची खूण आहे. आद्याक्षर आणि चार अक्षरे घेऊन मी १९४४ च्या ‘आर्मी लिस्ट’मधली पाद्र्यांची यादी ओळीने वाचली आणि दोन नावे जुळली. दोघेही चौथ्या श्रेणीत होते. त्यांतल्या कोणाला पुढे मुकुट मिळाला हे गॅझेटच्या पुढच्या अंकांत शोधणे चालू आहे, आणि तोवर दोन्ही नावे पेन्सिलीतच आहेत.